झिंग्याचा डोळा आणि संत्र्याचा बहार
(सौंसर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून दोघातिघांनी मला फोन केला. एकानं विचारलं, सर, छापताना चूक झाली का? चूक झालेली नाही. मी मराठीचा प्राध्यापक आहे, माझा प्रबंध महानुभावांच्या गद्यावर आहे, आणि आज मी आपल्याशी झिंग्यांच्या प्रजननाच्या संप्रेरकांविषयी बोलणार आहे. जीवशास्त्राशी माझा संबंध बारावीला सुटला. तेव्हा या व्याख्यानात विज्ञान जेवढं बरोबर असेल तेवढं माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे. जे चुकेल ते माझं.

ही मुलगी इथलीच, सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधल्या एका गावची. घरी संत्र्याची बाग आणि थोडी पऱ्हाटी. आमच्या महाविद्यालयात तिनं प्राणिशास्त्र घेतलं होतं, पण वाङ्मय मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला ती यायची. पुढे ती समुद्रकाठच्या एका संशोधन संस्थेत गेली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत ती घरी आली, मी भेटायला गेलो, आणि तिच्या आईनं माझ्यासमोरच तिला विचारलं, "सर आले तं आता सांग बाई, तू तिकडं नेमकं करतं काय?"

मुलगी म्हणाली, "जीन सायलेन्सिंग."

आई म्हणाली, "हे तं तू मागच्या खेपेलेबी सांगतलं."

मग मुलीनं प्रयत्न केला. तिला इंग्रजी येतं, हिंदी येतं, मराठी तर घरचीच. पण ती जे करते ते तिला तिच्या आईच्या भाषेत सांगता येईना. ती अडखळली, मधेच हिंदीत गेली, हिंदीतून इंग्रजीत गेली, आणि शेवटी वैतागून एवढंच म्हणाली, "झिंग्याचे डोळे कापावे लागू नये म्हणून आमचं काम चालू आहे, आई."

"अवं माय! झिंग्याचे डोये कापते काय लोकं? काऊन?"

हा "काऊन" माझ्या डोक्यातून गेला नाही. मी घरी आलो आणि पुढचे काही महिने तो प्रश्न घेऊन बसलो. आज जे सांगतो आहे तो त्या प्रश्नाचा हिशेब आहे.

आधी एक छोटी गोष्ट शब्दाविषयी. आपण इकडे झिंगा म्हणतो. बाजारात सुके झिंगे येतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, आणि भाजून कांद्याबरोबर केलेली त्यांची चटणी या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी तरी खाल्ली असेल, उरलेल्यांनी वास घेतला असेल. किनाऱ्यावर मात्र शब्द कोळंबी. आमची मुलगी तिकडे पहिल्या आठवड्यात "झिंगा" म्हणाली तेव्हा एका मैत्रिणीनं तिला सुधारलं: झिंगा हिंदी झालं, मराठीत कोळंबी म्हणायचं. तिनं ते मुकाट्यानं मान्य केलं. मी मान्य करत नाही. विदर्भात आणि आपल्या या पट्ट्यात मासे धरणाऱ्या ढिवर-भोयांच्या तोंडी जो शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे तो हिंदीत पण आहे, एवढ्यानं तो मराठीतून बाद होत नाही. 1956 साली राज्याची सीमा आपल्या दक्षिणेला आखली गेली. ती आखणाऱ्यांनी शब्दांची वाटणी केली नव्हती. मी आज झिंगाच म्हणणार आहे.

आता आईचा प्रश्न. डोळे का कापतात?

झिंग्याचा डोळा आपल्यासारखा खोबणीत बसलेला नसतो, तो एका लहान देठावर असतो. या देठात बघण्याच्या यंत्रणेखेरीज एक छोटं रसायनघर असतं. तिथून निरनिराळी संप्रेरकं रक्तात जातात. एक संप्रेरक कात टाकणं रोखून धरतं, एक रक्तातली साखर सांभाळतं, आणि एक अंडाशयाला पिकू देत नाही. या शेवटच्याशी आपलं काम आहे. बाहेर परिस्थिती बरी नसेल, पिल्लं जगायची नसतील, तर मादीनं अंड्यांवर शक्ती घालवू नये यासाठी निसर्गानं लावलेला हा आवर. समुद्रात योग्य वेळ येते तेव्हा आवर सैल होतो आणि अंडाशय भरतं.

अडचण अशी की सिमेंटच्या टाकीत कोंडलेल्या मादीला ती योग्य वेळ बहुधा येतच नाही. पाणी, अन्न, उजेड सगळं दिलं तरी तिचं शरीर थांबून राहतं. आणि बीज तयार करणाऱ्या केंद्राला तर अंडी ठरल्या दिवशी हवी असतात, कारण पुढे शेकडो तळी त्या पिल्लांची वाट बघत असतात. 1943 साली पानूझ नावाच्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं दाखवलं होतं की विणीचा हंगाम नसतानाही डोळ्याचे देठ काढले तर मादीचं अंडाशय वाढायला लागतं. ते प्रयोगशाळेतलं कुतूहल होतं. तीसेक वर्षांनी कोळंबीच्या व्यापारी शेतीनं ते उचललं, आणि तेव्हापासून जगभरच्या बीजकेंद्रांत मादीच्या एका डोळ्याचा देठ कापतात, किंवा तापलेल्या चिमट्यानं डागतात, किंवा दोऱ्यानं आवळून बांधतात. काही दिवसांत ती मादी अंडी द्यायला तयार होते. एकेक मादी लाखांत अंडी देते, म्हणजे एका डोळ्याच्या बदल्यात हिशेब फायद्याचा ठरतो.

हे मी त्या माउलीला असंच्या असं सांगितलं. मुलगी बाजूला होती, मधे मधे दुरुस्त करत होती. आई ऐकून घेत होती, हातातलं काम चालूच होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हंजे बहार धरते लोकं. आपन संत्र्याले तान देतो तसं."

मी आणि मुलगी, दोघंही गप्प झालो.

इथे बसलेल्या संत्रा बागायतदारांना मी ताण काय ते सांगायची गरज नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. संत्र्याचं झाड पाणी मिळत राहिलं तर पानं काढत राहतं, फुलत नाही. म्हणून शेतकरी त्याचं पाणी तोडतो. मृग बहार हवा असेल तर उन्हाळ्यात, आंबिया हवा असेल तर हिवाळ्याच्या तोंडाशी. पानं मलूल होतात, काही गळतात, झाडाची वाढ थांबते. मग पुन्हा पाणी दिलं की झाड फुलानं भरून येतं. झाडाची स्वतःची वेळ बाजूला सारून आपल्या वेळेला त्याला फळायला लावणं, याला आपण बहार धरणं म्हणतो. झिंग्याच्या मादीच्या बाबतीत इंग्रजीत जी क्रिया दोन जड शब्दांनी सांगतात, तिच्यासाठी या मातीत शब्द तयार होता. मी परिभाषेची पुस्तकं चाळत होतो, आणि तो शब्द आमच्यासमोर वाती वळत बसला होता.

उपमा पुढेही चालते. ताण जास्त झाला तर झाड वाळतं, हे आपण पाहिलेलं आहे. एकाच झाडाला दरवर्षी पिळलं तर ते लवकर म्हातारं होतं. डोळा कापलेल्या मादीचंही तसंच: पहिली अंडी भरघोस मिळतात, पुढे त्यांची प्रत उतरत जाते, मादी खंगते, मरायचं प्रमाण वाढतं. पण एक फरक आहे आणि तो लहान नाही. ताण ही जखम नव्हे. पाणी दिलं की झाड सावरतं. कापलेल्या देठाबरोबर कात टाकण्याचा आवर जातो, साखरेचा हिशेब जातो, अर्धी दृष्टी जाते. एक चिठ्ठी थांबवायची होती, त्यासाठी आपण अख्खं टपालघर पाडलं.

आता आमच्या मुलीचं काम. टपालघर उभं ठेवून ती एकच चिठ्ठी थांबवता येते का, हे पाहणं.

इथे मला थोडं माझ्या अंगणात आल्यासारखं वाटतं, कारण जीवशास्त्रज्ञांनी पेशीच्या आतला कारभार सांगताना जवळजवळ सगळे शब्द आमच्या धंद्यातून नेले आहेत. जनुकात जे लिहिलेलं असतं त्याची आधी नक्कल उतरवली जाते, तिला ते प्रतिलेखन म्हणतात. ती नक्कल म्हणजे निरोप्या आरएनए. करोनाच्या लशीमुळे एमआरएनए हे नाव तरी आता सगळ्यांच्या कानावरून गेलं आहे. मग त्या निरोपाचं प्रथिनात रूपांतर होतं, त्याला इंग्रजीत चक्क भाषांतर म्हणतात. आणि जनुकाचा परिणाम दिसू लागला की जनुक अभिव्यक्त झालं. अभिव्यक्ती! पंचवीस वर्षं मी हा शब्द फळ्यावर लिहितो आहे, आणि मला एकदाही वाटलं नव्हतं की तो झिंग्याच्या डोळ्यात वापरात आहे.

तर आवर घालणाऱ्या त्या संप्रेरकाचं जनुक आहे, त्याची नक्कल निघते, आणि नक्कल वाचून संप्रेरक तयार होतं. जनुकाला हात न लावता, फक्त नक्कल वाटेत गाठून नष्ट केली तर? हे करता येतं याचा शोध एका फजितीतून लागला. 1990 च्या सुमारास अमेरिकेत काही संशोधक पेटुनियाच्या फुलाचा जांभळा रंग अधिक गडद करू पाहत होते. त्यांनी रंगाच्या जनुकाची आणखी एक प्रत झाडात घातली. फुलं गडद व्हायच्या ऐवजी काही पांढरी निघाली, काही ठिपक्याठिपक्यांची. जास्त बोललं की उलट गप्प बसवलं जातं, असं काहीतरी पेशीत घडत होतं. काय घडत होतं ते अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 साली एका सूक्ष्म जंतावर प्रयोग करून उलगडलं, आणि 2006 साली दोघांना नोबेल मिळालं.

ते असं आहे. निरोप्या आरएनए एकेरी दोरा असतो. पेशीत दुहेरी दोऱ्याचा आरएनए दिसला की पेशी सावध होते, कारण असे दुहेरी दोरे बहुतेक वेळा विषाणूंचे असतात. पेशीतलं एक विकर त्या दोऱ्याचे बारीक बारीक तुकडे करतं, एकवीस-बावीस अक्षरांचे. या विकराचं इंग्रजी नाव डायसर, म्हणजे भाजीच्या फोडी करणारा. नाव स्वयंपाकघरातून आलं आहे, आणि मराठीत मी त्याला फोडीकर म्हटलं तर कुणी रागावू नये. या फोडींपैकी एक धागा दुसऱ्या एका यंत्रणेच्या हाती लागतो. ती तो धागा नमुना म्हणून धरते आणि पेशीत फिरणाऱ्या सगळ्या निरोपांशी ताडून पाहते. ज्या निरोपातली अक्षरं जुळली तो निरोप तिथल्या तिथे कापून टाकते. तुम्ही प्रयोगशाळेत, आपल्याला हव्या त्या जनुकाच्या अक्षरांचा दुहेरी दोरा तयार करून टोचला, तर पेशी स्वतःच्याच पहारेकऱ्यांकडून स्वतःचा तो एक निरोप नष्ट करवून घेते. बाकीचे निरोप चालू राहतात.

थायलंडच्या महिडोल विद्यापीठातल्या संशोधकांनी टायगर कोळंबीवर हे केलं. अंडाशयाला आवर घालणाऱ्या संप्रेरकाच्या अक्षरांचा दुहेरी दोरा मादीला टोचला. 2008 साली त्यांनी दाखवलं की त्या संप्रेरकाचा निरोप घटतो आणि अंड्यातला बलक ज्यापासून बनतो त्या प्रथिनाचं जनुक अंडाशयात जोरानं कामाला लागतं. 2011 साली पुढची पायरी: डोळा शाबूत ठेवून, नुसती सुई देऊन, माद्यांची अंडाशयं पिकली आणि त्यांनी अंडी दिली.

आपल्या मुलीला यात नुसतं अंडी मिळवण्यात रस नाही. ती मला म्हणाली, "सर, घरात कोण काय काम करतं हे तो माणूस आठ दिवस बाहेरगावी गेला की कळतं." एक संप्रेरक आठ दिवस बाहेरगावी पाठवायचं आणि घरात काय काय अडतं ते पाहायचं, ही तिच्या अभ्यासाची रीत. डोळाच कापला तर घरातली सगळीच माणसं एकदम नाहीशी होतात, मग कोणाचं काय काम होतं ते कसं ओळखणार? इतकी स्वच्छ व्याख्या मला कुठल्या ग्रंथात सापडली नसती.

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. गेल्या वर्षी एका गावी मी हा विषय थोडक्यात मांडला आणि घाईत म्हणून गेलो की "हे साधारण आपल्या बीटीसारखंच." मागून एक कापूस उत्पादक उठले. त्यांनी विचारलं, "म्हणजे सर, हेबी चार-पाच वर्षांनी बसन काय?" सभेत हशा झाला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. 2002 साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि 2017 च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीनं त्याच बीटीच्या बोंडांत काय केलं ते या भागानं शेजारून पाहिलं आहे. मी एका सैल वाक्यानं त्यांच्या मनात भलतीच भीती घातली होती. बीटीत जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसाच्या बियाण्यात घातलेलं असतं. ते पिढ्यान्‌पिढ्या उतरतं आणि झाडात कायमचं बोलत राहतं. झिंग्याला टोचलेला दोरा काही दिवसांनी विरून जातो. जनुक जिथल्या तिथे, जसंच्या तसं. आवर पुन्हा येतो. पिल्लांत काही उतरत नाही. एक नवं माणूस घरात कायमचं आणून ठेवणं आणि घरातल्या एकाला आठवडाभर बाहेरगावी पाठवणं यात जेवढा फरक, तेवढा. मी त्या गृहस्थांना नंतर भेटून हे सांगितलं. सभेतल्या इतरांना मात्र सांगू शकलो नाही, म्हणून आज इथे सांगतो आहे. त्यातले काही जण इथे असतील.

मराठीच्या अध्यापकानं विज्ञानात पडू नये, असं त्या दिवशी मला वाटलं होतं. नंतर वाटलं, मी नीट पडलो नाही हा दोष आहे, पडलो हा नव्हे.

आता शब्दांकडे वळतो, ते माझं खरं काम. हा विषय मराठीत लिहायचं आम्ही दोघांनी ठरवलं तेव्हा पहिली अडचण "संप्रेरक" या शब्दाची आली. शब्द सुंदर आहे, रुळलेला आहे. 1905 साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानं ग्रीकमधून जो हॉर्मोन शब्द घेतला त्याचाही अर्थ चालना देणारा असाच आहे, म्हणजे भाषांतर प्रामाणिक आहे. पण आपलं हे झिंग्याचं रसायन प्रेरणा देत नाही, रोखतं. मग त्याला "निरोधक संप्रेरक" म्हणायचं का? थांबवणारा चालक? मूळ इंग्रजीतही हीच विसंगती आहे, पण ग्रीक कुणाला येत नसल्यामुळे ती तिथे झाकून राहते. मराठीत ती उघडी पडते, कारण "प्रेरणा" शब्द आपण रोज वापरतो. मी सुचवलं, वेसण म्हणू. बैलाच्या नाकातली वेसण त्याला ओढत नाही, आवरते. पोळ्याच्या गावात हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. मुलगी म्हणाली, सर, प्रबंधात वेसण लिहिलं तर परीक्षक हसतील. तिचंही बरोबर आहे. शेवटी आम्ही लेखात "आवर-संप्रेरक" लिहिलं. तडजोड आहे, मला मनापासून आवडलेली नाही.

दुसरी अडचण जास्त खोल. "सायलेन्सिंग"ला काय म्हणायचं? मूकन, निःशब्दन, शमन, निष्क्रियण, असे शब्द बनवता येतात आणि मी बनवलेही. पण आता आपण जे पाहिलं ते आठवा. जनुक मुकं झालेलंच नाही. ते बोलतंच आहे, नक्कल निघतेच आहे. ती पोचत नाही, एवढंच. "जनुक निष्क्रिय केलं" हे तर सरळ चुकीचं. इंग्रजी शब्द आकर्षक आहे, पण तो घटनेचं वर्णन करत नाही, तिच्या परिणामाचं करतो. शब्दशः भाषांतर केलं असतं तर ती चूक आपणही उचलली असती. मी "निरोप अडवणं" असं सुचवलं. त्यावर मुलीनं विचारलं, निरोपाचा दुसरा अर्थ आडवा येणार नाही का? निरोप घेणं, निरोप देणं? येईल. तरी मला तो शब्द सोडवत नाही. चिठ्ठी म्हणजे कागद, संदेश म्हणजे सरकारी काहीतरी. निरोप कुणाकडून तरी कुणाला तरी द्यायला सांगितलेला असतो, आणि तो न पोचण्याची शक्यता त्याच्या पोटातच असते.

इथे एक मोह मला झाला होता, तो सांगून टाकतो. सौंसर-पांढुर्ण्याची मराठी हेही असंच जनुक आहे, बोलतंय पण निरोप पोचत नाही, असं वाक्य मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं. टाळीचं वाक्य होतं. मुलीनं त्यावर रेघ मारली. बाजूला लिहिलं, "सर, इथे कुणी सुई टोचलेली नाही. आपण स्वतःच घरात हिंदीत फोनवर बोलतो." मी ते वाक्य काढलं.

पण या निमित्तानं माझ्या प्रबंधातली एक आठवण मात्र सांगायचा मला अधिकार आहे. स्मृतिस्थळात नोंद आहे की केसोबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. कारण दिलं ते असं की त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील. मी ही कथा मुलांना वर्षानुवर्षं शिकवली, परीक्षेत त्यावर टीप विचारली. संत्र्याच्या बागेत वाती वळत बसलेली बाई जोवर "काऊन?" म्हणाली नव्हती तोवर, त्यातल्या म्हाताऱ्या म्हणजे नेमक्या कोण, हा प्रश्न मला पडला नव्हता.

आणखी एक प्रयोग सांगून थांबतो, कारण तो आपल्या गोड्या पाण्याच्या जवळचा आहे. स्कॅम्पी नावानं बाजारात येणारा मोठा झिंगा गोड्या पाण्याच्या तळ्यांत वाढवतात. त्याच्या कुळातले लहान भाऊबंद मध्य भारताच्या नद्यांत आहेतच. या स्कॅम्पीत नर मादीपेक्षा बराच मोठा होतो. नरांचेही प्रकार असतात: छोटा नर, नारिंगी नांग्यांचा, आणि निळ्या नांग्यांचा. नारिंगी नांग्यांचा नर ऐकून आमच्या गावाला बरं वाटेल. नर मोठा म्हटल्यावर शेतकऱ्याला तळ्यात सगळे नरच हवेत. पण पिल्लं हातानं निवडणं महाकठीण.

नराचं नरपण ज्या ग्रंथीमुळे ठरतं ती ग्रंथी शार्नियो-कोतों या फ्रेंच संशोधिकेनं 1954 साली या वर्गातल्या एका छोट्या प्राण्यात दाखवून दिली होती. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठात आमिर सागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ग्रंथीच्या संप्रेरकाचा निरोप अगदी कोवळ्या वयाच्या नरांत अडवला. ते नर वाढून पूर्ण माद्या झाले, अंडी देणाऱ्या माद्या. आता गंमत पहा. झिंग्यात, कोंबडीसारखंच, वेगळं गुणसूत्र मादीकडे असतं. नराकडे दोन्ही सारखी. म्हणजे या नव्या माद्यांकडेही दोन्ही सारखीच, कारण जनुकांना कुणी हात लावलेला नाही. त्यांचा साध्या नराशी संयोग झाला की पिल्लं सगळी नर. तळ्यात वाढलेल्या त्या पिल्लांना सुई लागलेली नाही, त्यांच्यात परकं जनुक नाही. त्यांच्या आईला लहानपणी एक निरोप पोचला नव्हता, एवढीच हकिगत.

हे सगळं आज प्रत्येक केंद्रात होतं असं समजू नका. दुहेरी दोरा बनवायला खर्च येतो, एकेका मादीला टोचावं लागतं, परिणाम थोडे दिवस टिकतो. डोळा कापायला एक चिमटा पुरतो. म्हणून आजही बऱ्याच ठिकाणी चिमटाच चालतो. दुसरीकडे ब्रिटनमध्ये 2022 साली प्राणिकल्याणाचा जो कायदा झाला त्यात झिंगे-खेकडे यांनाही वेदना जाणणारे जीव म्हणून जागा मिळाली, आणि डोळा न कापता अंडी घेणारी बीजकेंद्रं आता काही देशांत आहेत. आपल्याकडे 2009 पासून व्हॅनामी कोळंबीची शेती सुरू झाली, आणि हरियाणासारख्या समुद्र नसलेल्या राज्यात खाऱ्या भूजलावरही ती होते. केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं एक केंद्र तर आपल्याच राज्यात पवारखेड्याला आहे. तेव्हा हा विषय आपल्यापासून फार लांबचा आहे असं मला आता वाटत नाही.

लेख पूर्ण झाल्यावर मुलीनं तो या मे महिन्यात घरी आईला वाचून दाखवला. मी नव्हतो, पण तिनं फोनवर सांगितलं. आईनं सगळं ऐकलं, बहाराचा भाग आला तेव्हा "हे तं मीच सांगतलं होतं" म्हणाली, आणि शेवटी एकच विचारलं: नराची मादी झाली ते इतर झिंग्यांना कळतं का? मुलीला लगेच उत्तर देता आलं नाही. ती म्हणाली, आई, नर तिच्याशी मादीसारखाच वागतो, अंडी होतात, पिल्लं होतात, पण त्याला काय कळतं ते कसं सांगू. तिनं तो प्रश्न वहीत लिहून घेतला आहे.

आपल्यालाही काही विचारायचं असेल तर अवश्य विचारा. मला उत्तर आलं नाही तर आपण तिलाच फोन लावू. सहानंतर ती मोकळी असते, आणि आज फोन जवळ ठेवते म्हणाली आहे.